‘ढ’ : एका अक्षराच्या व्युत्पत्तिकथेचे परीक्षण

मराठी वर्णमालेतील अक्षरे एरवी स्वतःहून काही सांगत नाहीत. शब्दात बसल्यावरच ती अर्थाला कारण होतात. चिनी लिपीची स्थिती याहून वेगळी आहे. तेथील बहुतेक लेखनचिन्हांना स्वतःचा उच्चार, स्वतःचा अर्थ आणि भोवती जमलेले वाक्प्रचार असतात, आणि एकेका चिन्हाच्या उगमाची चर्चा करण्याची परंपरा श्यू शेन याने इ. स. १०० च्या सुमारास रचलेल्या ‘शुओवन जिएझी’ या कोशापासून अखंड चालत आली आहे. या रीतीने अभ्यासता येईल असे अक्षर मराठीत शोधू गेल्यास पहिला मान ‘ढ’ या अक्षराकडे जातो. ट-वर्गातील हा चौथा वर्ण केवळ वर्ण राहिलेला नाही. तो शब्द झाला आहे, त्याला अर्थ आहे, आणि त्या अर्थाची उपपत्ती सांगणारी एक कथाही त्याच्यामागे चालते. कथा सुशिक्षितांत इतकी रुजली आहे की तिची कसोटी पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ती कसोटी पाहण्याचा आहे.

प्रथम अर्थाची मर्यादा निश्चित केली पाहिजे. ‘ढ’ म्हणजे मूर्ख, असे म्हणून भागत नाही. मूर्ख कोणीही असू शकतो. राजा मूर्ख असतो, प्रधान मूर्ख असतो, विद्वानही मूर्ख असतो. रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खासाठी एक आणि पढतमूर्खासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र समास योजले आहेत. ‘ढ’ मात्र विद्यार्थीच असावा लागतो. शाळेत कधी न गेलेला शेतकरी अडाणी ठरेल, भोळा ठरेल, फार तर खुळा ठरेल. त्याला कोणी ‘ढ’ म्हणणार नाही. शिकवणारा, शिकणारा आणि ज्यांच्याशी तुलना करावयाची असे सोबतचे शिकणारे, ही तीन माणसे असल्यावाचून या शब्दाला अवकाशच मिळत नाही. शिवाय हे विशेषण विषयापुरते बांधून घेता येते. ‘गणितात ढ’, ‘इंग्रजीत ढ’ हे प्रयोग सहज होतात. ‘गणितात मूर्ख’ असे कोणी म्हणत नाही. प्रौढ मनुष्य स्वतःविषयी ‘स्वयंपाकात मी अगदी ढ आहे’ असे म्हणतो तेव्हाही तो स्वयंपाकाला क्षणभर शाळेचे रूप देत असतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता हे विशेषण अविकारी आहे. ढ मुलगा, ढ मुलगी, ढ मुले, सर्वत्र एकच रूप. नाम म्हणून त्याला विभक्तिप्रत्यय लावू गेल्यास जीभ अडखळते, आणि बोलणारे बहुधा ‘त्या ढ मुलाला’ असे म्हणून वाट काढतात.

आता कथा. मौर्य सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजची नागरी लिपी उत्क्रांत झाली. या बावीस-तेवीस शतकांत सर्व अक्षरांची रूपे पालटली. एकटा ‘ढ’ होता तसाच राहिला. सर्व भावंडे पुढे गेली असता जो जागचा हलला नाही त्याचे नाव वर्गात मागे राहणाऱ्या मुलाला मिळाले, अशी ही उपपत्ती आहे. ती नेटकी आहे, स्मरणात राहते, आणि सांगणाऱ्याच्या बहुश्रुततेची साक्षही देते. अशा तिहेरी गुणांची व्युत्पत्ती समोर आली म्हणजे अभ्यासकाने सावध झालेले बरे.

मराठीत अक्षरांवरून निघालेले वाक्प्रचार थोडे नाहीत. ओनामा, श्रीगणेशा आणि गमभन हे आरंभाचे वाचक. ‘अ पासून ज्ञ पर्यंत’ हा संपूर्णतेचा. तोंडातून ‘ब्र’ न काढणे, चकार शब्द न उच्चारणे, ‘ग’ची बाधा होणे, ट ला ट जोडणे, ‘ध’चा ‘मा’ करणे, ही सर्व उदाहरणे परिचयाची आहेत. त्यांची छाननी केली असता त्यांचा आधार कोठे आहे हे बहुतेक ठिकाणी दिसून येते. ओनामा व गमभन यांचा आधार अक्षरे शिकण्याच्या क्रमात आहे. ‘ग’ची बाधा ही गर्वाची बाधा, म्हणजे येथे अक्षर हे शब्दाचे आद्याक्षर आहे. ट ला ट जोडणाऱ्याची थट्टा कवितेतील यमकावरून आलेली आहे.

‘ध’चा ‘मा’ या प्रयोगाला तर विशिष्ट प्रसंगाची जोड आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी दंतकथा आहे. तिची ऐतिहासिकता स्वतंत्र प्रश्न आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यातून एवढे निश्चित मिळते की वाक्प्रचाराचा आजचा अर्थ, म्हणजे एका अक्षराच्या फेरफाराने आशय उलटा करणे, १७७३ पूर्वीचा असू शकत नाही. कथा खरी असो वा रचलेली असो, ती वाक्प्रचाराला एक पूर्वसीमा घालून देते.

हीच पूर्वसीमेची कसोटी ‘ढ’च्या कथेला लावून पाहावी. अशोकाची लिपी मधल्या शतकांत कोणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा १८३७ मध्ये केला. त्या अक्षरांची नंतरच्या अक्षरांशी तुलना करून प्रत्येकाच्या रूपांतराचे तक्ते तयार होण्यास आणखी अर्धे शतक लागले. गौरीशंकर हीराचंद ओझा यांच्या ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९४ ची व विस्तृत दुसरी १९१८ ची. ब्यूलरचा जर्मन ग्रंथ १८९६ चा. म्हणजे ‘ढ’ बदलला नाही हे ज्ञान १८३७ पूर्वी कोणालाही असणे शक्य नव्हते, आणि ते विद्वानांच्या बाहेर पोहोचण्यास विसाव्या शतकाचा आरंभ उजाडला असणार. उलट ‘ढ’ हा शब्द मुलांच्या भांडणातला, मास्तरांच्या रागातला आणि आईबापांच्या चिंतेतला आहे. लिपिशास्त्राच्या तक्त्यातून निघालेला विनोद एवढ्या खोलवर, एवढ्या निरक्षर मुखांपर्यंत पोहोचून रूढ झाला असे मानावयाचे असेल, तर त्याचा प्रवास दाखवण्याची जबाबदारी कथा सांगणाऱ्यावर येते. ती आजवर कोणी उचललेली दिसत नाही.

आकृतीवरून वाक्प्रचार निघतच नाहीत, असा येथे आग्रह नाही. ‘छत्तीसचा आकडा’ हा मराठीतील अत्यंत समर्पक प्रयोग निव्वळ आकृतीवर उभा आहे. नागरी अंकांतील तीन आणि सहा शेजारी लिहिले की एकमेकांकडे पाठ करून बसतात. हेच अंक उलटे, म्हणजे त्रेसष्ट असे, लिहिले की समोरासमोर येतात. परंतु हे पाहण्यासाठी पाटी आणि पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही. आकृतीवरून निघणाऱ्या वाक्प्रचाराची अट हीच आहे, की ती आकृती बोलणाऱ्या व ऐकणाऱ्या दोघांच्याही डोळ्यांसमोर असावी. ‘ढ’ची आजची आकृती डोळ्यांसमोर आहे, तिचे न बदलणे डोळ्यांसमोर नाही. ते पाहण्यासाठी गिरनार, सोपारा अथवा दिल्लीच्या स्तंभापर्यंत जावे लागते.

कथेतील लिपिविषयक विधानही तपासून घेणे न्यायाचे होईल. अशोककालीन ‘ढ’ आणि आजचा, शिरोरेषा वगळलेला, ‘ढ’ यांत साम्य आहे हे निर्विवाद होय. वरून उतरणारी रेघ, तिचे वळण आणि आत वळलेली गाठ हा सांगाडा टिकून राहिला आहे. तथापि ‘एकटा ढ’ हे म्हणणे अतिव्याप्त आहे. त्याच्याच वर्गातील ‘ठ’ अशोकाच्या काळी पूर्ण वर्तुळ होता; आजही तो वर्तुळच आहे, फक्त वर एक दांडी आणि शिरोरेषा आली. ‘ट’ उघडे अर्धवर्तुळ होता. त्याचेही मूळ रूप आजच्या अक्षरात सहज ओळखू येते. न बदलण्याबद्दल शिक्षा द्यावयाची तर या दोघांनाही थोडीफार मिळावयास हवी होती. ‘ठ’ला ती निराळ्या वाटेने मिळाली आहे, कारण ठोंब्या हा शब्द ‘ढ’च्या अर्थाशी बराच जवळचा आहे, पण नुसता ‘ठ’ कोणाला म्हणत नाहीत.

याहून निर्णायक पुरावा शेजारच्या भाषा देतात. हिंदी भाषक हीच नागरी लिपी लिहितात; त्यांच्याही ‘ढ’ची आकृती तीच, आणि तिचा इतिहासही तोच. ओझांचा ग्रंथ तर हिंदीतच लिहिलेला आहे. तरीही मंदबुद्धीच्या विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याची रूढी हिंदीत नाही. गुजरातीत मात्र आहे. तेथे मागे पडणारा विद्यार्थी ‘ढ’ असतो आणि ‘ठोठ’ही असतो. आकृती हे कारण असते तर आकृती जेथे जेथे गेली तेथे तेथे अर्थ जावयास हवा होता. प्रत्यक्षात अर्थाच्या सीमा लिपीच्या सीमांशी जुळत नाहीत. त्या मराठी-गुजराती अशा एका भाषिक शेजाराशी जुळतात, आणि ‘ठोठ’सारख्या शब्दाच्या सहवासामुळे हे प्रकरण डोळ्यांचे नसून कानांचे असावे असा संशय बळावतो.

येथे एका चिनी चिन्हाचा इतिहास तुलनेस घेण्याजोगा आहे. ‘तिंग’ हे ते चिन्ह. एक आडवी रेघ आणि तिच्या मध्यातून खाली उतरून शेवटी आकडा घेणारी दुसरी, अशा अवघ्या दोन रेघांचे. दहा ‘स्वर्गीय खोडां’च्या कालगणनेत ते चौथे असल्याने क्रमवारीतील चौथी प्रतही त्याने दर्शविली जाते. प्रौढ पुरुष, विशेषतः कर आणि वेठ यांसाठी मोजला जाणारा पुरुष, असा त्याचा दुसरा अर्थ. त्यावरून लोकसंख्या, सैन्यात भरती केलेला जवान, बागेत राबणारा माळी असे जोडशब्द झाले. पाकशाळेत त्याच चिन्हाने मांसाचे वा भाजीचे बारीक चौकोनी तुकडे दाखवतात. श्यू शेनने त्याचा उगम उन्हाळ्यात सर्व सृष्टी भरीव व बळकट होते या कल्पनेत शोधला. त्याच्या हाती नंतरची रूपे होती. पुढे १८९९ मध्ये कासवांच्या कवचांवर आणि जनावरांच्या हाडांवर कोरलेली शांगकालीन अक्षरे विद्वानांच्या लक्षात आली, तेव्हा मूळ ‘तिंग’ एक लहानसा चौकोन असल्याचे दिसले. वरून पाहिलेले खिळ्याचे डोके, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. खिळा या अर्थी आज जे चिन्ह लिहितात त्यात ‘तिंग’लाच धातूचे चिन्ह जोडलेले आहे.

मराठी अभ्यासकाला लक्षणीय वाटावा असा भाग पुढेच आहे. निरक्षर मनुष्याविषयी चिनी भाषेत, त्याच्या डोळ्यांना ‘तिंग’सुद्धा ओळखता येत नाही, असे म्हणतात. या वाक्प्रचाराचे मूळ तांग राजवंशाच्या जुन्या इतिहासात, म्हणजे ९४५ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात, सांगितले जाते. इ. स. ८२१ मध्ये चांग होंगचिंग हा अधिकारी आजच्या पेकिंगच्या परिसरातील लष्करी सुभ्यावर आला. त्याच्या हाताखालील कारकुनी पेशाच्या लोकांनी तेथील सैनिकांना हिणवले. जड धनुष्य ओढण्याचे तुमचे बळ एक ‘तिंग’ अक्षर ओळखण्याच्या तोलाचे नाही, अशा आशयाचे ते बोल होते. अपमान आणि इतर जुलूम यांनी चिडलेल्या सैन्याने त्याच वर्षी बंड केले, होंगचिंगला कैद केले आणि त्याच्या मदतनिसांना ठार मारले. आता ‘तिंग’च का? सुंग काळापासून काही टीकाकारांचे म्हणणे असे की मूळ पाठात ‘एकही अक्षर’ या अर्थाचे संख्यावाचक चिन्ह होते; ते आकृतीने ‘तिंग’शी जुळणारे असल्याने नकलकाराच्या हातून पालट झाला. म्हणजे चिनी भाषेतील या प्रसिद्ध प्रयोगाच्या मुळाशी बहुधा एक ‘ध’चा ‘मा’ आहे. परंतु तेवढ्याने वाक्प्रचार खोटा ठरत नाही. ‘तिंग’ हे दोन रेघांचे, सर्वांत सोपे म्हणता येईल असे चिन्ह असल्यामुळे चुकीचा पाठही अर्थाला इतका शोभला की भाषेने तो कायम केला.

या तुलनेत एक फरक मात्र विसरता कामा नये. श्यू शेन चुकला तो जुनी आकृती त्याला दिसली नव्हती म्हणून. मराठीत चूक उलट दिशेने झाली आहे. जुनी आकृती हाती आल्याबरोबर तिने जे सिद्ध होत नाही तेही तिच्याकडून सिद्ध करून घेतले गेले.

‘ढ’विषयी सुचणाऱ्या इतर उपपत्तींचा विचार थोडक्यात आटोपता येईल. मुळाक्षरे शिकताना मूल ‘ढ’पाशी अडते, अशी एक. परंतु ‘ढ’ हे चौदावे व्यंजन. अडण्याची खरी स्थळे त्याच्या आधीच ‘ङ’ आणि ‘ञ’ येथे येऊन जातात, आणि त्या दोघांवरून काही नाव पडलेले नाही. दुसरी ‘मूढ’ या शब्दाचे अंत्याक्षर म्हणून. ‘ग’ची बाधा या प्रयोगात आद्याक्षर घेतले जाते, अंत्याक्षरावरून शब्द सुचवण्याची रीत मराठीत रुळलेली नाही. तिसरी उपपत्ती अद्याप कोणी हिरिरीने मांडलेली नसली तरी कोश चाळणाऱ्याला मोह पाडील अशी आहे. संस्कृत एकाक्षरकोशांतून प्रत्येक अक्षराला अर्थ दिलेले असतात, आणि आपट्यांच्या १८९० च्या कोशातही ‘ढ’ला मोठा नगारा, कुत्रा, कुत्र्याचे शेपूट आणि सर्प असे अर्थ दिले आहेत. कुत्र्याचे शेपूट सरळ होत नाही, ढ विद्यार्थी सुधारत नाही, आणि अक्षराचे वळणही शेपटासारखे! अशी साखळी जोडणे कठीण नाही. पण एकाक्षरकोशातील अर्थ काव्यचातुर्यासाठी साठवलेले असतात. बोलणाऱ्यांच्या तोंडी ते कधी नव्हते. संस्कृतात या अक्षराला खरे काम दिले ते पाणिनीने. त्याच्या शास्त्रात ‘ढ’ ही प्रत्ययाची खूण असून तिच्या जागी ‘एय’ येते. कुन्तीचा कौन्तेय, विनतेचा वैनतेय आणि राधेचा राधेय होतो तो या ‘ढ’च्या बळावर. मराठी शाळेत ज्याने मुलाची अप्रतिष्ठा केली त्यानेच अर्जुनाला आणि गरुडाला मातृनाम दिले, ही गंमत म्हणून नमूद करावी. पुरावा म्हणून नव्हे.

‘ढ’ उच्चाराला कठीण, म्हणून तो मंदत्वाची खूण झाला, ही उपपत्ती अधिक गंभीरपणे घेण्यासारखी आहे, कारण तिची परीक्षा प्रत्यक्ष बोलींवर करता येते. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचा खारघरलगतचा पट्टा सोयीचा आहे. ओवे हे त्यातील एक गाव. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या नव्या शहराने ते वेढले गेले, आणि २०१६ मध्ये ते पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आले. (या गावाच्या नावाचा संबंध ‘ओवी’शी वा ‘ओव्या’शी जोडू पाहणाराही ‘ढ’च्या कथाकाराच्याच पंथाचा होय, नुसते ध्वनिसाम्य स्थलनामाला पुरत नाही.) या पट्ट्याची जुनी बोली आगरी. उत्तर कोकणातील अशा बोलींची नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०५ मधील सातव्या खंडात झालेली आहे. मूर्धन्य वर्णांच्या बाबतीत ही बोली प्रमाण मराठीहून स्पष्टपणे निराळी आहे. ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, म्हणून काळा तो काला; ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, म्हणून पाणी ते पानी; शब्दामध्ये आलेल्या ‘ड’चा ‘र’ होऊन घोडा घोरा होतो. म्हणजे ट-वर्ग आणि त्याचा सोबती ‘ळ’ यांतील तीन वर्ण या बोलीने सोडले किंवा पालटले. शब्दारंभीचा ‘ढ’ मात्र टिकला आहे. ढग, ढोल, ढोर यांना धक्का लागलेला नाही, आणि भातशेतातील ढेकळात ‘ळ’चा ‘ल’ झाला तरी पहिला ‘ढ’ जागचा हललेला नाही. कठीणपणा हेच कारण असते तर दूषण ‘ळ’ला किंवा ‘ण’ला लागले असते.

आणि या ठिकाणी ‘ढ’च्या अर्थाची एक कठोर बाजू उघड होते. ‘काला’ आणि ‘पानी’ बोलणाऱ्या घरातील मूल शाळेत जाते तेव्हा त्याला ‘ळ’ आणि ‘ण’ कानाने मिळालेले नसतात. ते त्याला पाटीवरून शिकावे लागतात, जसे शहरातील मराठी मुलाला ‘श’ आणि ‘ष’ यांतील भेद केवळ लेखनापुरता शिकावा लागतो. फरक असा, की ‘ष’ची चूक सर्वांचीच होते म्हणून ती शुद्धलेखनाची चूक ठरते, ‘ळ’ची चूक विशिष्ट घरांतील मुलांचीच होते म्हणून ती बुद्धीची चूक ठरते. ‘पानी’ लिहिणारा मुलगा आपल्या बोलीचे वर्णशास्त्र बिनचूक लिहीत असतो. ‘ढ’ हा शब्द या दोहोंत फरक करत नाही. न शिकणे आणि दुसरे काही आधीच शिकलेले असणे, या दोन्हींवर तो एकच शिक्का मारतो. आकृतीच्या कथेने यावर आणखी एक आवरण घातले. मागे राहणे हा त्या अक्षराचा दोन हजार वर्षांचा स्वभावच आहे असे सांगितले, की मूल मागे का राहिले हा प्रश्न विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. व्युत्पत्तीची चूक निरुपद्रवी असते हा समज येथे तरी खरा नाही.

मग ‘ढ’चा अर्थ आला कोठून? उत्तराची दिशा शब्दसंग्रह दाखवतो. संस्कृतात ‘ढ’ने आरंभ होणारे शब्द मोजकेच, मराठीत ते भरपूर असून त्यांतील पुष्कळसे देशी वळणाचे आहेत. त्यांतील एक मोठा गट जड, गोळाबेरीज, सैल किंवा जागचे न हलणारे या अर्थांभोवती फिरतो. ढीग, ढेप, ढेकूळ, ढेरी, ढोबळ, ढब्बू, ढोर, ढोला, ढिला, ढिसाळ, ढेपाळणे ही त्याची उदाहरणे. ‘ढिम्म हलत नाही’ आणि ‘ढम्म कळत नाही’ या प्रयोगांत तर ‘ढ’ विद्यार्थ्याचे संपूर्ण चित्र आहे. दुसरा गट बाहेरून जोर लावण्याचा, जसे ढकलणे, ढोसणे, ढुसणी. या दोन गटांची गाठ शाळेतच पडते. जो स्वतः हलत नाही त्याला वरच्या वर्गात ‘ढकलतात’; तो ‘चढला’ असे म्हणत नाहीत. अर्थात या वर्णाने आरंभ होणारे सर्वच शब्द या साच्यात बसत नाहीत. ढग हलका असतो, ढाल उपयोगी असते, आणि ‘ढब’ हा शब्द तर डौलासाठीच आहे. ध्वनी व अर्थ यांची अशी सांगड प्रवृत्ती दाखवते, नियम सिद्ध करत नाही. पण ‘मठ्ठ’, ‘मद्दड’, ‘ठोंब्या’, ‘ठार अडाणी’, ‘ढिम्म’ या शेजाऱ्यांच्या सहवासात ‘ढ’ ठेवून पाहिला, की जोडाक्षरे आणि मूर्धन्य वर्ण यांच्या जडपणातून मराठी कानाने मंदबुद्धीचे नाव घडवले असावे, हे अनुमान आकृतीच्या कथेपेक्षा पुष्कळ कमी गृहीतांवर उभे राहते. त्याला १८३७ ची वाट पाहावी लागत नाही, गिरनारला जावे लागत नाही, आणि गुजराती ‘ठोठ’चाही त्यात समावेश होतो.

ध्वनीच्या या कारणाने एवढेच कळते की मुळाक्षरांतून हेच अक्षर का निवडले गेले. अक्षराचे नावच शिवी म्हणून का वापरले गेले, याचे कारण त्या शब्दाच्या कक्षेत आहे. पाटीवर अक्षरे घोटणाऱ्यांच्या जगात अपमानाची सामग्रीही पाटीवरूनच घेतली जाणे साहजिक होते. ‘अक्षरशत्रू’ हा संस्कृत वळणाचा शब्द जे दूरून सांगतो तेच ‘ढ’ने जवळून, एका वर्णात सांगितले.

‘ढ’ या वर्णाचा मराठीतील इतिहास पाहता विद्येशी त्याचे वैरही नाही. संस्कृत ‘पठ्’मधील ‘ठ’ स्वरांमध्ये सापडून प्राकृतात ‘ढ’ झाला, आणि त्यातून पढणे, पढिक, पढतमूर्ख हे शब्द आले. ‘मठ’चा ‘मढ’ही तसाच. संस्कृतातील मूढ, दृढ, रूढ, गाढ या शब्दांतील ‘ढ’ हकारान्त धातूंना ‘त’ प्रत्यय लागून झालेला, म्हणजे दोन वर्णांच्या संयोगातून जन्मलेला आहे, आणि ऋग्वेदाच्या पाठात तो स्वरांमध्ये ‘ळ्ह’ असा उच्चारला जातो. ज्याला न बदलणारे अक्षर म्हटले गेले तो वर्ण म्हणून इतका बदलणारा आणि बदलातून निपजणारा आहे.

राहता राहिले अशोकाचे लेख, ज्यांच्या आधारावर हा सारा आरोप उभा आहे. तेथे ‘ढ’ वारंवार भेटतो तो ‘वढि’ या शब्दात, विशेषतः दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात, जेथे धर्माची वृद्धी कशी व्हावी याची राजा चर्चा करतो. संस्कृत ‘वृद्धि’चे ते प्राकृत रूप होय. मराठीत तोच शब्द ‘वाढ’ झाला, त्याचे क्रियापद ‘वाढणे’ झाले, आणि पुढे पानावर अन्न घालण्याच्या क्रियेलाही तेच क्रियापद मिळाले. वृद्धीपासून पंक्तीतील वाढपापर्यंतचा हा अर्थविस्तार स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.